घाटात गाडी पोहते, खालून ‘टक’ वाजतं: सबफ्रेम ब्रेस लावण्याआधी आणि लावल्यानंतरची तपासणी

कासचा सीझन उतरला आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की साताऱ्यात आमच्याकडे ठरलेल्या दोन तक्रारी येतात. एक, “दादा, घाटात गाडी पोहतीय, चेसी ढिली झालीय, खालनं ब्रेस टाकून द्या.” दुसरी, “ब्रेस टाकलीय तेव्हापास्नं खालनं वाजतंय.” ब्रेस म्हणजे गाडीची डावी-उजवी बाजू खालून एकमेकींना बांधणारा आडवा दांडा. दोन्ही गाड्यांची तपासणी एकाच वाटेनं जाते, म्हणून इथं एकत्रच लिहितो. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी, सिटी अशा बॉडी हीच चेसी असलेल्या गाड्यांसाठी हे आहे. बोलेरो-स्कॉर्पिओला खाली वेगळी चेसी असते, त्यांचं गणित निराळं.

लक्षणं

यातलं आपल्या गाडीचं कोणतं, ते आधी ठरवा. “आवाज येतो” एवढ्यावर काही सापडत नाही.

- खराब रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगात, पायाखालून बारीक ‘टक-टक’. हायवेला लागलं की गप्प.
- स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना एकदाच ‘टण्’. उलट दिशेला वळवलं की परत एकदा.
- स्पीडब्रेकर तिरका घेतला की ‘कर्र्’, सरळ घेतला तर काही नाही.
- वळणात स्टिअरिंग दिल्यावर गाडी क्षणभर विचार करते, मग एकदम आत जाते, आणि मग आपल्याला थोडं सोडावं लागतं. ‘गाडी पोहते’ म्हणतात ते हेच. पसरणी घाटात हे प्रत्येक वळणाला जाणवतं.
- ठरावीक आरपीएमला फ्लोअरमध्ये घूं आवाज, गाडी जागेवर उभी असली तरी.
- सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा लोगो वाकडा, किंवा ब्रेक मारला की गाडी एका अंगाला जाते.
- एका कोपऱ्याला जॅक लावला की दार घासतं किंवा नीट लागत नाही.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट ‘इथं थांबा’ या भागावर जा. ऐंशी ते शंभरच्या मध्ये स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. त्या तक्रारीचा ब्रेसशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

ब्रेसचं काम काय

पुढच्या बाजूला इंजिनाखाली सबफ्रेम असते. ती बोल्टांनी बॉडीला टांगलेली असते, आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात), स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारा दांडा), अँटिरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा), बऱ्याच गाड्यांत इंजिनचं खालचं माउंटिंग, हे सगळं तिच्यावर असतं. वळणात टायर जो आडवा जोर घेतो तो आर्ममधून सबफ्रेममध्ये आणि तिथून बॉडीत जातो. त्या जोरानं डाव्या-उजव्या माउंटिंगमधलं अंतर किंचित बदलतं. ब्रेस म्हणजे या दोन जागा एकमेकींना बांधणारा दांडा. वर शॉकअपच्या दोन टॉवरमध्ये लावतात तो स्ट्रट बार. त्याचंही काम तेच, फक्त मजला वेगळा.

आता आकडा बघा. धडधाकट बॉडीत हे अंतर मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी बदलतं. लोअर आर्मचा फाटलेला बुश (सांध्यातली रबरी गादी) मात्र टॉमी (छोटी पहार) लावल्यावर पाच-सहा मिलिमीटर सरकताना डोळ्यांना दिसतो. म्हणजे गाडी पोहत असेल तर गुन्हेगार कुठं शोधायचा हे उघड आहे. बाजेचे पाय खिळखिळे असताना नुसती सुतळी ताणून बाज सरळ होत नाही, तशातला हा प्रकार आहे. ब्रेस बॉडीचं वाकणं कमी करते, झिजलेल्या सांध्याला ती हातही लावत नाही. उलट ताठ दांड्यातून झिजलेल्या सांध्याचा आवाज जास्त स्पष्ट केबिनमध्ये येतो. “ब्रेस टाकल्यावर आवाज सुरू झाला” यातल्या कितीतरी गाड्यांत आवाज आधीपासून होता, तो फक्त ऐकू यायला लागला.

मग ब्रेसचा उपयोग कुणाला? ज्यानं चांगले चिकट टायर घातलेत, स्प्रिंग कडक केलीत, बुश-लिंक सगळं नवं आहे, आणि तरीही स्टिअरिंग दिल्यावर पुढचा भाग अर्धा क्षण मागं राहतो असं वाटतं, त्याला. अशा गाडीत फरक जाणवतो, हे मी नाकारत नाही.

एक पैसाही न लागणाऱ्या गोष्टी

हवा. हसू नका. पुण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर हायवेनं येऊन गरम टायरात हवा तपासली की मीटर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पंपावरचा पोऱ्या तेवढी सोडून देतो. सकाळी तोच टायर थंड झाला की हवा कमी, आणि यवतेश्वरचा घाट चढताना गाडी पोहायला लागते. टायरच्या कडा दुमडतात, स्टिअरिंगचा जोर रस्त्यापर्यंत उशिरा पोचतो, आणि ड्रायव्हरला वाटतं चेसी ढिली आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असताना, चारही टायर त्या आकड्याला आणा आणि मग पुन्हा चालवून बघा.

टायर बघतच आहात तर त्याचं वयही बघा. कडेवर ‘डॉट’च्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी दिसायला चांगली असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. नक्षी १.६ मिलिमीटरला आली की कायद्यानंच टायर बाद, पण पावसात घाट उतरणाऱ्यानं तिथपर्यंत वाट बघू नये.

नंतर डिकी रिकामी करा. स्टेपनीचा स्क्रू, जॅक, पाना, मागच्या सीटचं लॉक, नंबरप्लेट, इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर. या कव्हरच्या दोन क्लिप तुटल्या की खराब रस्त्यावर जो ‘टक-टक’ येतो, तो हुबेहूब सस्पेन्शनचा वाटतो. हातानं थापट मारून बघा.

फ्लोअरमधल्या घूं आवाजासाठी गाडी थंड असताना वाकून ब्रेस आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यातलं अंतर बघा. बोट सहज गेलं पाहिजे. गरम झाल्यावर पाइप लांबतो आणि इंजिन जोर घेताना हलतं, त्यामुळे थंड गाडीत न टेकणारा दांडा रस्त्यावर टेकतो. सायलेन्सरवरचा पातळ हीटशील्डचा पत्राही असाच वाजतो.

ब्रेसचे बोल्ट

ब्रेस लावलेली असेल तर इथंच रेंगाळायचं आहे. आमच्याकडच्या अशा गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा दोष इथंच निघतो.

गाडीखाली शिरण्याआधी एकच गोष्ट. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. दगड, विटा, लाकडाचा ठोकळा यांवरही नाही. गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड नसेल तर पिट (खाली उतरून बघायचा खड्डा) असलेल्या कुठल्याही गॅरेजला जा, बघायचे पैसे कुणी फारसे घेत नाही.

टॉर्च लावून बोल्टच्या डोक्याभोवती बघा. जोड हलत असेल तर दोन खुणा सापडतात. एक, बोल्टच्या कडेनं अर्धगोल, चकचकीत घासलेला पट्टा. दोन, सांध्यातून बाहेर आलेली तपकिरी, मऊ भुकटी. बोटावर घेतली तर ती मातीसारखी खरखरीत लागत नाही, पावडरसारखी पसरते. कास-पाचगणीकडची लाल माती गाडीखाली सगळीकडेच असते, म्हणून फरक नीट बघा. माती सगळीकडे सारखी बसते, ही भुकटी फक्त हलणाऱ्या सांध्याच्या फटीत असते.

बोल्ट ढिला का पडतो, याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं म्हणजे रंग. बाजारातली ब्रेस जाड पावडर-कोटिंग करून येते. दिसायला छान, पण बोल्टनं आवळलेल्या जागी तो रंग दाबाखाली हळूहळू दबतो. रंग दबला की बोल्टचा ताण गेला, बोल्ट न फिरताही जोड ढिली. म्हणून ‘मी तर गच्च आवळला होता’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. उपाय सोपा आहे. ब्रेसच्या पट्टीचा जेवढा भाग सबफ्रेमला टेकतो तेवढाच रंग खरवडून लोखंड उघडं करा, त्यावर झिंक प्रायमरचा पातळ हात मारा, आणि मग आवळा. बाकीचा रंग तसाच राहू द्या.

दुसरं, बोल्टची लांबी. खालची ब्रेस बहुतेक गाड्यांत मूळ बोल्टखालीच पट्टी घालून बसवतात. पट्टी ५ मिलिमीटर जाड आणि आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर असेल, तर मूळ बोल्ट चार आटे कमी पकडतो. तो लोअर आर्मचा किंवा सबफ्रेमचा बोल्ट असेल तर हा खेळ नाही. पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब आणि त्याच ग्रेडचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीचा बोल्ट लागतो. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं. मूळ १०.९ असताना हार्डवेअरच्या दुकानातून ८.८ आणून लावायचा नाही, आणि डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट तर मुळीच नाही.

तिसरं कारण सर्व्हिसिंग. पुढची खालची ब्रेस पुष्कळदा ऑइल फिल्टरच्या किंवा ड्रेन नटच्या आड येते. ऑइल बदलायला ती सोडतात आणि परत लावताना एअर गननं ‘टर्र’ करून मोकळे होतात. बोल्ट एक तर अर्धवट, नाहीतर आटे मरेपर्यंत. सर्व्हिसिंगनंतर आठवड्याभरात आवाज सुरू झाला असेल तर आधी इथं बघा. सर्व्हिसला देताना जॉबकार्डवरच लिहून घ्या: ब्रेस काढल्यास टॉर्क पान्यानं आवळणे. म्हणजे ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्यानं.

आवळायचं कितीला, याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलचा किंवा ब्रेसबरोबर आलेल्या कागदाचा घ्या. अंदाज म्हणून सांगतो, ८.८ ग्रेडचा दहाचा बोल्ट (पान्याचं माप नव्हे, आट्यांचा व्यास १० मिलिमीटर) साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर घेतो आणि बाराचा ८० ते ८५. पण काही गाड्यांत सबफ्रेमचे बोल्ट टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे असतात. ते ताणले जातात आणि एकदा सोडले की नवेच घालायचे असतात. त्यामुळे माझा आकडा तुमच्या सबफ्रेमला लावू नका. स्प्रिंग वायसरवरही भरवसा नको. चांगला फ्लँजचा बोल्ट आणि बरोबर टॉर्क, एवढं पुरतं. आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पाना पुन्हा लावा, आणि तिथून पुढं वाकून रेघ तुटलीय का बघितलं की झालं.

गाडी चाकांवर असताना आवळा

याला वेगळा मथळा दिला, कारण चांगले मेकॅनिकही इथं घाई करतात. दोन खांबी लिफ्टवर गाडी उचलली की चाकं लोंबतात आणि बॉडीचा आकार किंचित बदलतो. त्या अवस्थेत ब्रेस आवळली तर गाडी खाली आल्यावर दांडा कायमचा ताणाखाली किंवा दाबाखाली राहतो. तिरक्या स्पीडब्रेकरवरच्या ‘कर्र्’चं हे एक नेहमीचं कारण.

त्याहून वाईट म्हणजे लोअर आर्मचा बोल्ट. त्या बोल्टभोवतीचा रबरी बुश बोल्ट आवळल्यावर मधोमध पकडला जातो. चाक लोंबत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर टेकल्याबरोबर बुशला पीळ बसतो आणि तो पीळ तसाच राहतो. नवा बुश वर्षभरात फाटतो, आणि मालक कंपनीच्या मालाला शिव्या देत बसतो.

म्हणून बोल्ट हातानं लावून घ्या, गाडी चाकांवर उभी करा, पुढचा भाग दोन-चारदा दाबून सस्पेन्शन बसू द्या, मग पिटमधून शेवटचं आवळा. भोकं जुळत नसतील तर पहार घालून ओढून बसवू नका. एक तर ब्रेस दुसऱ्या मॉडेलची आहे, किंवा सबफ्रेम सरकलेली आहे, किंवा गाडी कधीतरी ठोकलेली आहे. तिन्हीपैकी काहीही असलं तरी ते आधी समजलं पाहिजे.

ब्रेस काढून चालवा

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर ब्रेस उतरवा. मालकांना हे जिवावर येतं, पैसे घालून लावलेली असते. पण यापेक्षा स्वस्त आणि खरी चाचणी दुसरी नाही. ज्या रस्त्यावर आवाज येतो तोच रस्ता, तोच वेग, तेवढीच माणसं. आवाज गेला तर दोष ब्रेसच्या जोडात. आवाज कमी झाला पण राहिला तर दोष सस्पेन्शनमध्ये, ब्रेस फक्त तो वाजवून दाखवत होती. काहीच फरक नाही तर ब्रेसला दोष देणं सोडा.

वरचा स्ट्रट बार काढणं सोपं आहे. पण पुष्कळ गाड्यांत तो शॉकअपच्या वरच्या माउंटिंगच्याच नटांवर बसतो. बार काढल्यावर ते नट परत टॉर्कला आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. खालची ब्रेस काढलीत तर मूळ लांबीचे बोल्ट परत लावा. लांब बोल्ट पट्टीशिवाय आवळला तर आत टेकतो आणि वरून आवळल्यासारखा वाटतो.

झिजणारे सांधे

इथून थोडा खर्च सुरू होतो. क्रम स्वस्ताकडून महागाकडे.

अँटिरोल बारची लिंक रॉड सगळ्यात आधी. डावं चाक खड्ड्यात आणि उजवं वर, असं आळीपाळीनं होताना ‘टक-टक’ आणि दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवरून गेली की शांत, असं असेल तर बहुतेक हीच. दोन्ही चाकं एकदम वर गेली की बारला पीळ बसत नाही, म्हणून आवाज नाही. काही शे रुपयांचं काम, अर्ध्या तासात होतं. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांची ही रॉड लवकरच जाते. बदलताना डावी-उजवी जोडीनंच बदला आणि बारचे दोन रबरी बुशही बघा.

मग चाक उचलून (खाली स्टँड लावून) हलवा. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवी धरून हललं तर टाय रॉडचं टोक किंवा रॅक. दोन्हीकडं हललं तर बेअरिंगकडं आधी बघा. टायर हलवणारा एक आणि सांध्यावर बोट ठेवणारा एक, अशी दोन माणसं लागतात. नुसत्या आवाजावर जाऊ नका, ढिला सांधा बोटाला आधी कळतो.

रिव्हर्समधल्या त्या एकट्या ‘टण्’साठी बॉनेट उघडा, एकाला स्टिअरिंग सावकाश पूर्ण फिरवायला सांगा आणि बाहेरून कॉइल स्प्रिंगवर हात ठेवा. (गाडी जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, आणि बोटं दोन वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत.) स्प्रिंग अडखळून एकदम उडी मारून फिरत असेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलंय. स्ट्रट बार लावताना हा नट आवळला-सोडलेला असतो, त्यामुळे दोष बारवर जातो.

लोअर आर्मचा मागचा बुश हा या सगळ्यातला मोठा मासा. ब्रेक मारला की आर्म मागं ढकलली जाते आणि तो जोर हाच बुश घेतो. फाटला की ब्रेकला गाडी एका अंगाला जाते आणि वळणात चाकाची दिशा आपोआप बदलत राहते. ‘गाडी पोहते’ म्हणणाऱ्यांत हवा आणि टायर ठीक निघाले तर माझा पहिला संशय यावर असतो. टॉमीनं हलका जोर देऊन बघा. रबरात बारीक चिरा असणं वेगळं, आणि आतली लोखंडी नळी रबरापासून सुटलेली असणं वेगळं. दुसरं असेल तर बदला. प्रेस लागतो, घरी हातोड्यानं ठोकायचं काम नाही हे.

शॉकअपवर ऑइल ओघळलं असेल, किंवा खंबाटकी उतरताना वळणातल्या उंचवट्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहत असेल, तर शॉकअपचा खर्च ब्रेसच्या आधी. इंजिन माउंटिंगचं एवढंच सांगतो की क्लच सोडताना ‘धप्’ येत असेल तर ते बघा, सस्पेन्शन उकलू नका.

अलाइनमेंटचा कागद

सबफ्रेमचे बोल्ट सोडून ब्रेस लावली असेल तर सबफ्रेम भोकांतल्या मोकळीकीएवढी सरकू शकते. दोन-तीन मिलिमीटर पुरतात. मग स्टिअरिंगचा लोगो वाकडा. अलाइनमेंटवाला टो (वरून बघताना चाकांची आत-बाहेर दिशा) जुळवून लोगो सरळ करून देतो, पण सरकलेली सबफ्रेम तशीच राहते.

म्हणून “झालं का?” एवढं विचारू नका, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागा. बहुतेक हॅचबॅकला पुढं फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूनं बघताना चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) कंपनीनं ठरवलेलेच असतात. डाव्या-उजव्या बाजूच्या कॅम्बरमध्ये एक अधिक आणि एक उणे अशा दिशेनं सारखाच फरक दिसला, तर सबफ्रेम एका अंगाला सरकल्याचा संशय घ्या. एका बाजूचाच कॅस्टर बिघडला असेल तर वाकलेली आर्म किंवा फाटलेला बुश. कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच कामाला येतो.

ब्रेस घ्यायचीच असेल तर

सगळं तपासून झालं, गाडी घट्ट आहे, तरी हौस आहे. हौसेला माझी हरकत नाही, पण चार गोष्टी बघून घ्या.

एकाच मापाचा दांडा असेल तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांशच ताठ. ताठपणाचा आकडा लोखंडाचा २०० गिगापास्कलच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा ७०. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा जाडजूड असेल तर ठीक, बारीक आणि चमकदार असेल तर तो शोभेचा. दांडा इंजिनला वळसा घालून वाकवलेला असेल तर त्या बाकाशी तो स्प्रिंगसारखा लवतो. सरळ दांडा कधीही चांगला. टोकाला बिजागरीसारखा सांधा असलेला बार ताण आणि दाबच घेतो, वाकणं अडवत नाही, आणि तो सांधा झिजला की वाजायला लागतो.

जमिनीपासूनचं अंतर मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावच्या वेशीवर लोकांनी रात्रीत टाकलेल्या डांबराच्या वरवंट्याला हे माप माहीत नाही. ब्रेस इंजिनच्या सम्पपेक्षा (तळाच्या ऑइलच्या भांड्यापेक्षा) खाली येत असेल तर घेऊ नका. ती दगडावर आपटली की धक्का थेट लोअर आर्मच्या माउंटिंगला बसतो, म्हणजे वाचवायला गेलो त्याच जागी.

मागच्या बाजूबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. बहुतेक हॅचबॅकला मागं दोन्ही चाकांना जोडणारा, पिळवटणारा बीम असतो. पिळवटणं हेच त्याचं काम. बॉडीकडच्या दोन माउंटिंगना जोडणारा बार वेगळा, आणि बीमच्याच दोन हातांना बांधणारा बार वेगळा. दुसरा लावला की मागची बाजू वळणात कडक होते आणि ओल्या रस्त्यावर मागचं टोक सुटायला लागतं. कुंभार्ली घाटात पावसात उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि मागची चाकं बाहेर आली, तर सावरायला जागा नसते. बीमला वेल्डिंग करून पट्टी मारणारेही आहेत. त्यांच्याकडं गाडी नेऊ नका.

विम्याच्या कंपनीला ब्रेसबद्दल लेखी कळवा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल चालत नाही. सुटी करता येणारी, बोल्टनं बसणारी ब्रेस आणि चेसीला कापून-जोडून केलेलं काम, या दोहोंत म्हणूनही फरक आहे.

इथं थांबा

पुढचं काही दिसलं तर पाना खाली ठेवा.

बोल्ट फिरतोय पण आवळतही नाही आणि निघतही नाही: आतला वेल्ड केलेला नट सुटलाय. जोर लावाल तर बॉडीचा पत्रा फाटेल. तो पेटीसारख्या बंद भागात असतो, नीट कापून, नट बसवून, परत बंद करून गंजरोधक मारावं लागतं. हे बॉडीशॉपचं काम आहे, गॅस कटर घेतलेल्या कुणाचंही नाही.

बोल्टच्या भोकापासून निघालेला रंगातला तडा, त्यातून गंजाची ओघळ: सबफ्रेम किंवा बॉडीचा पत्रा तडकलाय. गाडी टो करूनच न्या, चालवत नाही. सबफ्रेमला वेल्डिंग करण्यापेक्षा ती बदलणं हाच बरा मार्ग, कारण उष्णतेनं पत्र्याची ताकद आणि माप दोन्ही जातात.

जॅक लावल्यावर दार घासणं, काचेला आपोआप तडा, किंवा खालून कर्णाची दोन मापं घेतली तर त्यांत ठळक फरक: बॉडीच सरळ नाही. मापाचं बेंच असलेल्या बॉडीशॉपमध्ये मोजून घ्या. अशा गाडीला ब्रेस लावली तर वाकडेपणा पक्का बांधला जातो. जुनी गाडी घेताना हे कळलं तर व्यवहारच थांबवा.

स्टिअरिंग कधी जड, कधी मोकळं वाटत असेल किंवा वळवताना अडकत असेल तर एक किलोमीटरही नको. रॅक, कॉलम, खालचा जॉइंट, काहीही असू शकतं, आणि ते उघडणं एअरबॅगच्या वायरिंगजवळ जातं.

दाखवायला आणताना

गाडी खालून धुऊन आणू नका. ती तपकिरी भुकटी आणि घासलेले पट्टे हाच आमचा पुरावा असतो, प्रेशर वॉशरनं तो जातो. वरून कितीही चमकवा. ब्रेस लावताना काढलेले मूळ बोल्ट, ब्रेसच्या खोक्यातला कागद आणि अलाइनमेंटचे कागद एका पिशवीत घालून आणा. आवाज डावीकडून की उजवीकडून, कोणत्या वेगाला, ब्रेकवर पाय असताना की नसताना, एवढं आठवून या. आणि जमलं तर सकाळी लवकर या. टायर थंड असतात, रस्त्यावर ट्रॉल्या नसतात, आणि तुम्हाला शेजारी बसवून त्याच खड्ड्यांवरून एक फेरी मारता येते.